‘कट’ कोण म्हणालं?

विश्वजीत घारपुरेंना नवा चित्रपट करायचा असला, की ते आधी निर्मात्याकडे जात नसत, नटाकडे जात नसत, कॅमेरामनकडे तर नाहीच नाही. ते कसबा पेठेत जिनत शेखच्या घरी यायचे, दिवाणावर बसायचे, चहा घ्यायचे आणि कपडे सांगायचे. “एक माणूस आहे. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय, पण त्याला ते माहीत नाही.” झालं. एवढ्यावर जिनतनं कामाला लागायचं. बटण लावणारी बायको माहेरी गेलीय, की कायमची गेलीय, की होतीच कुठे, हे सगळं पुढे कधीतरी कळायचं. कधीकधी चित्रपट लागून उतरला तरी कळायचं नाही.

चित्रपटातल्या माणसांनी काय घालायचं, किती मळवायचं, कुठे फाडायचं, या सगळ्या खात्याला कपडेपट म्हणतात. घारपुरे सरांचा कपडेपट पहिल्यापासून जिनतकडे. ती एका शिंप्याची मुलगी, अर्थशास्त्रातली बी.ए. बी.ए. होऊन घरात बसली होती आणि स्थळं येऊन, बिर्याणी खाऊन, ‘कळवतो’ म्हणून जात होती. तेव्हा घारपुरे नावाचा एक बारीक, दाढीवाला, कुणीही ओळखत नसलेला माणूस अब्बांच्या दुकानात आला आणि म्हणाला, “मला असा शिंपी हवाय जो कपडे नवे शिवणार नाही, जुने करून देईल.” अब्बा म्हणाले, “असला उलटा धंदा आमच्याकडे होत नाही.” जिनत म्हणाली, “मी करते.” तिला सिनेमाचं वेड होतं असं अजिबात नाही. तिला फक्त त्या बैठकीच्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. पुढे लग्न झालं ते चांदशी. त्याचं अस्तर, बटणं आणि लेसचं दुकान त्याच गल्लीत. बायको सिनेमात काम करते याचं त्याला काही वाटलं नाही. बटणं त्याच्याकडूनच जायची.

आता सरांची शैली. तिच्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत, पण सांगायला दोन वाक्यं पुरतात. माणूस उठून गेला तरी कॅमेरा उठायचा नाही. रिकामी खुर्ची, अर्धा कप, हलणारा पडदा, असं तो बघत राहायचा, इतका वेळ की पुण्यातल्या एका चित्रपटगृहात दोन प्रेक्षक बाहेर जाऊन विचारून आले होते, मशीन बंद पडलं का म्हणून. पार्श्वसंगीत नाही. कुकरची शिट्टी, शेजारच्या घरातलं भांडण, एवढंच. नटांना सूचना शून्य. आणि नटाला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. सर आपल्या मनातलं एक नाव काढायचे आणि शूटिंग संपेपर्यंत तेच चालायचं. नामवंत नट ‘अहो बंडू’ म्हटल्यावर मान वर करायला शिकले.

चांदचं मत वेगळं होतं. घरात त्यांचं हिंदी-मराठीचं कडबोळं चालायचं. तो म्हणायचा, “तेरे सर के पिक्चरमध्ये मी झोपलो, उठलो, तर खुर्ची तीच, कप तोच. फक्त चहा गार झालेला.”

“मग समजलं की तुला पिक्चर,” जिनत म्हणायची.

‘परसातली दोरी’ हा पहिला. मग ‘गोदाम नंबर दोन’, ‘चौथा पाट’ आणि पुढचे. परदेशात बक्षिसं मिळाली, इथे दुपारच्या खेळाला टाळे लागले. प्रत्येक चित्रपट संपला की सर एकच नियम पाळायचे: पडद्यावर एकदा येऊन गेलेलं कापड परत पडद्यावर येणार नाही. जिनतला ते कपडे टाकवेनात. ती त्यांचे तुकडे कापून गोधडीला जोडायची. बंडूचा सदरा, हमालाचा डोक्यावरचा फडका, चौथ्या पाटावर कधीच न बसलेल्या मुलाची चड्डी. सरांचं सगळं काम त्या एका गोधडीत होतं आणि ती गोधडी दिवाणावर अंथरलेली असे. सर यायचे, तिच्यावरच बसायचे आणि नवं कापड सांगायला लागण्याआधी बोटानं एखादा जुना तुकडा टोकरायचे. “हा शहाणा होता,” असं काहीतरी म्हणायचे. ही त्यांची सवय.

मग बरीच वर्षं काही झालं नाही. सरांची बायको मंदाकिनी गेली. पहिल्या दोन-तीन चित्रपटांत तीच नायिका होती. सर गप्प झाले. जिनतचे गुडघे दुखायला लागले. लोक म्हणायला लागले, संपले घारपुरे.

आणि यंदा फेब्रुवारीत सर आले. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून त्यांची मुलगी तनुजा त्यांना कोपऱ्यावर सोडून गाडी लावायला गेली. सर आले, दिवाणावर बसले. दाढी नीट, सदरा नीट, डोळ्यांत तीच जुनी घाई.

“जिनतबाई, एक बाई आहे.”

“आधी पाणी तर घ्या.”

“परसात दोरीवरचे कपडे काढतेय. हिरवी इरकल नेसलीय. पदराला इस्त्रीचा डाग. एवढा.” त्यांनी अंगठा आणि बोट जोडून दाखवलं.

जिनत हसली. हसण्यासारखंच होतं. कारण तो डाग तिचाच. ‘परसातली दोरी’च्या पहिल्याच दिवशी, कोळशाच्या इस्त्रीनं तिनं मंदाकिनीच्या हिरव्या इरकलीचा पदर भाजला होता. रडून रडून नाक लाल झालं होतं. सरांनी पदर हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “राहू दे. इस्त्री करताना हिला कुणीतरी हाक मारली असणार.” आणि मग ती हाक कुणाची, यातून सगळा चित्रपट निघाला. कपडे आधी सांगायची पद्धतही तिथूनच पडली. म्हणून आता तिला वाटलं, सर म्हातारपणी जुनी गंमत काढतायत.

“तो पदर आता कुठला मिळायला सर? तो गोधडीत आहे,” ती म्हणाली.

“कुठली गोधडी?” सर म्हणाले.

त्यांनी गमतीनं विचारलं नव्हतं. ते खोलीत इकडेतिकडे बघत होते. बसले होते गोधडीवर, डावा हात त्या हिरव्या तुकड्यावरच टेकलेला, आणि ते दाराकडे, कपाटाकडे, खिडकीकडे बघत होते, जिनतबाईंनी कुठलीतरी गोधडी म्हटलं, ती कुठेय ते.

“काही नाही,” जिनत म्हणाली. “चहा टाकते.”

स्वयंपाकघरात तिला कळलं की आपण गॅस पेटवलेलाच नाही. कल्पना करणारा माणूस नेमका तोच डाग सांगत नाही. तो डाग आधी कुणाच्या कल्पनेत नव्हताच, तो अपघात होता. सर नवं काही बघत नव्हते. त्यांना जुनं आठवत होतं आणि ते जुनं आहे हे आठवत नव्हतं.

तेवढ्यात तनुजा आली. पंचेचाळिशीची, केस मागे घट्ट बांधलेले, आईसारखी जिवणी. लहानपणी शूटिंगला आली की जिनतच्या चिंध्यांच्या ढिगात झोपायची. तेव्हापासून ‘मावशी, तू’. “सांगितलं बाबानं? मावशी, तोच सीन तो परत करणार आहे! आईचा! किती वर्षांनी तो आईबद्दल काही बोलतोय माहितेय तुला?” तिचे डोळे भरले होते. पैसे तीच उभे करणार होती, माणसं तीच जमवणार होती.

जिनतनं कप पुढे केला. बोलायचं ते त्या क्षणी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “साखर बघ गं, कमी पडली का.”

चांदला मात्र तिनं त्याच दिवशी सांगितलं.

“बोल दे ना लडकी को,” तो म्हणाला. “आपल्या चाचाला विसरायचं झालं तेव्हा लपवून काय झालं? बसमध्ये बसून स्वारगेटहून कात्रजला गेले आणि तिथं दूध डेअरीच्या दाराशी सापडले.”

“चाचा चित्रपट करत नव्हते.”

“म्हणजे चित्रपट करणाऱ्यानं कात्रजला जायचं नाही?”

“अरे, मी सांगितलं की सगळं थांबेल. मग सर काय करतील? खुर्चीत बसून राहतील. आता कसे आले होते बघितलंस ना?”

“बघितलं,” चांद म्हणाला. “म्हणून तर सांगतोय.”

तिनं ऐकलं नाही. नवी इरकल आणली, धुऊन धुऊन मऊ केली, उन्हात फिकी केली आणि मग पदर इस्त्रीखाली धरला. पहिल्या वेळी जे आपोआप झालं होतं, ते मुद्दाम करताना हात मागे येत होता. डाग कधी नुसता पिवळा पडायचा, कधी भोकच. जळका वास गल्लीत गेला तसा चांद दुकानातून आला.

“काय जाळतेस?”

“चित्रपट.”

“मग नीट जाळ. एकदाचा संपव.”

शूटिंग हडपसरपुढच्या मांजरी गावात. उसाच्या फडांच्या मधोमध नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहतायत, तिथं सर्जेराव आणि सरुबाई या जोडप्याचं जुनं बैठं घर अजून टिकून होतं. मागे परस, चाफा, दोन खांब आणि दोरी. सर तिथं उतरले आणि मागच्या अंगणात जाऊन त्यांनी पाय आपटला. “इथं. कॅमेरा इथं. एवढाच उंच.” हातानं उंची दाखवली. कॅमेरामन इंद्रजीतनं लॅपटॉपवर जुन्या चित्रपटाची चौकट काढून बघितली. तंतोतंत. त्याच्या अंगावर काटा आला.

इंद्रजीत तिशीचा. फिल्मचं शिक्षण घेतलेला, सरांचा परमभक्त. “मावशी, तुम्हाला कळतंय का काय चाललंय? सर स्वतःच्या पहिल्या फ्रेमशी डायलॉग करतायत. इट्स लाइक... फुल सर्कल!”

“सर्कल राहू दे,” जिनत म्हणाली. “तुझा टीशर्ट उलटा आहे.”

तो उलटाच होता. त्यानं तिथंच काढून सुलटा केला आणि पुन्हा सर्कलबद्दल बोलायला लागला.

म्हणजे गंमत बघा. सर एखाद्या वाक्याच्या मध्येच थांबायचे, सगळे श्वास रोखायचे: सर विचार करतायत. सर तोच शॉट दोनदा मागायचे: सरांना काहीतरी सूक्ष्म हवंय. नायिका तेजस्विनीला ते ‘मंदा’ म्हणायचे. ते तर नेहमीचंच, सर नटांना आपलंच नाव देतात! चाळीस वर्षं त्यांनी अशा सवयी लावून घेतल्या होत्या की आता त्यांच्यातून खुद्द सर हरवले तरी कुणाला पत्ता लागला नसता. शैली सगळी जागेवर होती. शैलीमागचा माणूस थोडा थोडा जात होता.

आणि ते झाकायला जिनत मदत करत होती. सकाळी सरांना आज काय करायचं ते सापडायचं नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. ते खुर्चीत बसून हाताचे तळवे बघत होते. तिनं त्या दिवशीचा कपडा, चित्रपटातल्या नवऱ्याचं धोतर, आणून त्यांच्या खुर्चीच्या हातावर टाकला. सरांनी ते चिमटीत धरलं, चोळलं आणि चेहरा उजळला. “हां. तो आंघोळ न करताच बाहेर गेलाय.” झालं, सीन सुरू. मग रोज सकाळी ती कोणाच्याही आधी एक कपडा त्या खुर्चीवर ठेवायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, “सरांची पद्धत आहे.” तीही खपून गेली.

एकदा सांगायची वेळ आली होती. तनुजा तिला गाडीनं मांजरीला नेत होती. हडपसरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा जिनतनं घसा खाकरला. “तनू, सरांचं मला जरा...”

“मावशी, माहितेय का, बाबा दोन वेळचं जेवायला लागलाय,” तनुजा म्हणाली. “काल त्यानं पोळी मागून घेतली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ...तू काय म्हणत होतीस?”

“म्हटलं, गॉगल लावायला सांग. ऊन फार आहे.”

सिग्नल सुटला.

तेजस्विनी गुणी मुलगी होती. मालिकांमधून आलेली, तिथं डोळे मोठे करायची सवय, इथं डोळेच दाखवायचे नाहीत म्हटल्यावर बावरलेली. ती जिनतकडे येऊन विचारायची, “मावशी, सर खूश आहेत का माझ्यावर? काहीच बोलत नाहीत.”

“बोलले तर काळजी कर.”

“पण ते माझ्याकडे असे बघतात, जसं काही... मी कोणी दुसरीच आहे.”

जिनत तिच्या निऱ्या बसवत होती. तिनं पिन तोंडात धरली. तोंडात पिन असली की उत्तर द्यावं लागत नाही.

शेवटचा सीन एप्रिलमध्ये आला. ‘परसातली दोरी’चा शेवट ज्यांनी पाहिलाय त्यांना तो विसरता येत नाही. बाई दोरीवरचे कपडे काढते, घड्या घालून हातावर घेते. मागे दार वाजतं. गेलेला नवरा परत आलाय. ती वळत नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहते. उभीच राहते. आणि एकदम चित्रपट संपतो. त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, अपूर्णतेचं सौंदर्य वगैरे. खरं काय झालं होतं ते तिथं असलेल्या माणसांना माहीत होतं: रीळ संपलं. तेव्हा फिल्मचं रीळ असायचं आणि दहा मिनिटांच्या आसपास त्याचा जीव जायचा. सर ‘कट’ म्हणायच्या आतच ते संपलं. सरांनी तेच ठेवलं.

आता रीळ नाही. आता कॅमेऱ्यात कार्ड असतं आणि त्याला काही अंत नसतो.

सकाळी जिनतनं नेहमीसारखा कपडा खुर्चीवर ठेवला नाही, कारण आज कपडा एकच होता आणि तो तेजस्विनीच्या अंगावर होता. त्यावाचूनही सर ठीक दिसले. त्यांनी तेजस्विनीला जवळ बोलावलं, पदराचा डाग वर घेतला. “मंदा, मी सांगेपर्यंत वळायचं नाही.”

“हो सर.”

शॉट सुरू झाला. तेजस्विनीनं कपडे काढले, घड्या घातल्या, हातावर घेतल्या. दार वाजलं. ती थांबली. आणि मग ते उभं राहणं सुरू झालं.

इंद्रजीत कॅमेऱ्यामागे दगड झाला होता. दूर उसातून ट्रॅक्टर गेला, आवाज आला, विरला. चाफ्याचं एक फूल पडलं. इंद्रजीतनं डोळे मिटून घेतले. असं फूल सांगून पाडता येत नाही. तनुजा खांबाला टेकून उभी होती, तोंडावर रुमाल. तिच्यापुढे तिची आई उभी होती, दुसरं काही नव्हतं.

खिडकीतून सरुबाई जिनतच्या कानाशी कुजबुजली, “आवं, किती येळ उभी ऱ्हानार हाय ती? डोस्क्यावर ऊन आलं.”

“शू.”

“मला शू कशापायी? त्या पोरीला भवंड येईल.”

जिनतनं सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे, मॉनिटरकडे बघत नव्हते. त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर फिरत होता, पुढे, मागे, जिथं रोज सकाळी कपडा असायचा तिथं. काही सापडत नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग त्यांची नजर वर आली आणि थेट जिनतवर थांबली. चाळीस वर्षांत त्या माणसानं तिला कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. आता ते विचारत होते.

कुणीही हललं नाही. हलणार कसं? घारपुरेंच्या चित्रपटात सगळ्यात पवित्र गोष्ट कुठली, तर हीच. सरांनी थांबवेपर्यंत थांबायचं नाही. एकदा एका स्पॉटबॉयनं मध्ये खोकला काढला होता, त्याला लोक आजपर्यंत नावं ठेवतात. जिनतनं रीळ संपायची वाट पाहिली. खरंच पाहिली. म्हातारं डोकं, जुनी सवय. आत कुठेतरी तिला वाटत होतं, आता संपेल, आपोआप संपेल, मला काही करावं लागणार नाही, तेव्हा लागलं नव्हतं तसं. मग तिला आठवलं की रीळ नाही.

तेजस्विनीच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती. हातावरच्या घड्या कलायला लागल्या. डावा गुडघा एकदा लचकला. ती वळली नाही. सरांनी वळू नको म्हटलं होतं.

“कट,” जिनत म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही.

“कट म्हटलं ना!”

परसात असा आवाज झाला, जसं ताट पडावं. तेजस्विनी तिथंच खाली बसली. सरुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. सर्जेरावांनी छत्री उघडली आणि कुणावर धरायची ते न कळून स्वतःवरच धरली. इंद्रजीत किंचाळला, “मावशी! काय केलंत हे! काय केलंत!”

“कट कोण म्हणालं?” सर म्हणाले.

सगळे जिनतकडे वळले.

“मी, सर,” जिनत म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. “बरं केलंत,” ते म्हणाले. “मला तो शब्द सापडत नव्हता.”

आणि उठून, धोतराच्या घडीसारखे हळूहळू उलगडत, ते जमिनीवर बसलेल्या तेजस्विनीपाशी गेले. तिच्या डोक्यावर त्यांनी तिचाच पदर ओढला, डाग असलेला. “मंदा, आत चल. तनूची शाळा सुटायची वेळ झाली.”

तनुजाच्या हातातला रुमाल खाली आला.

तिनं जिनतला घराच्या पुढच्या बाजूला गाठलं. तिथं कपडेपटाची मोठी पत्र्याची पेटी होती आणि जिनत तिच्यावर बसली होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

तुम्ही. जिनतनं ते ‘तुम्ही’ ऐकलं.

“दिवाणावर बसले त्या दिवसापासून.”

“आणि तुम्ही मला साड्या दाखवत बसलात.”

“हो.”

“दोन महिने! दोन महिन्यांत मी त्याला कुठे कुठे दाखवलं असतं. औषध सुरू झालं असतं. का नाही सांगितलंत?”

“तू म्हणालीस, बाबा पोळी मागून खातो.”

“माझ्यावर ढकलू नका.”

जिनतनं मान हलवली. “नाही ढकलत. मलाही ते तसेच हवे होते. सकाळी येऊन कपडा सांगणारे. मी थांबवलं असतं तर ते थांबले असते, आणि मी पण.” तिनं पेटीचं कुलूप उगाच लावून काढलं. “माझं चुकलं तनू. चांद सांगत होता.”

“सगळे सांगत असतील. मीच एक मूर्ख.” तनुजा वळली आणि गेली.

चित्रपट बंद झाला. प्रकृतीच्या कारणास्तव, असं पेपरात आलं. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. दोन महिने आधी दाखवलं असतं तर फरक पडला असता का, या प्रश्नावर ते म्हणाले, सांगता येत नाही. जिनतला वाटलं, नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. हो म्हणाले असते तरी. हे ‘सांगता येत नाही’ घेऊन माणसानं काय करायचं?

इंद्रजीत एकदा कसब्यात आला. त्यानं तो शेवटचा शॉट फोनवर आणला होता. म्हणाला, सरांच्या सगळ्या कामात असं काही नाही. तो तसाच, एवढाच दाखवायला हवा, तनुजाताई ऐकत नाहीत, तुम्ही बोला.

“कट माझ्या आवाजात आहे का त्यात?” जिनतनं विचारलं.

“तो काढता येतो, मावशी.”

“मग राहिलं काय?”

त्यानं फोन खिशात घातला. चहा न घेता गेला.

पावसाळाभर तनुजाचा फोन नाही. जिनतनं दोनदा केला, तो उचलला गेला नाही. चांद काही बोलला नाही. आणि चांद काही बोलत नाही म्हणजे फारच झालं. हिरवी इरकल तिनं पेटीत ठेवली होती. तिचा तुकडा गोधडीला लावायचा की नाही, हे ठरत नव्हतं. चित्रपट झालाच नव्हता, मग नियम लागतो का?

नवरात्राच्या आधी एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. तनुजा सरांचा हात धरून आली. सर बारीक झाले होते. त्यांना उंबऱ्यापाशी सोडून ती बाहेरच थांबली.

“रोज म्हणतो, जिनतबाईंना सांगायचंय. मी थकले ‘नाही’ म्हणता म्हणता,” ती म्हणाली. “आणलंय. पण आता खोटं नाही चालायचं. तुम्ही ‘हो सर’ म्हणालात तर मी परत आणणार नाही.”

सर आत येऊन दिवाणावर बसले. हात गोधडीवर टेकला.

“जिनतबाई, एक बाई आहे.”

जिनत समोरच्या स्टुलावर बसली. तिनं दाराकडे पाहिलं. तनुजा चौकटीला टेकून तिच्याकडेच बघत होती.

“परसात कपडे काढतेय. हिरवी इरकल. पदराला...”

“सर, हा चित्रपट झालाय.”

सर थांबले. त्यांची बोटं एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेली.

“झालाय?” ते म्हणाले. “कुणी केला?”

“तुम्ही.”

“असं?” त्यांच्या तोंडावर भीती आली, मग ती गेली, मग काहीतरी जुनं, जरा खवचट, तिथं उरलं. “बरा झाला का?”

“बरा झाला. शेवट फार लांबला.”

“मग कापायचा होता.”

“कापला, सर.”

“कुणी?”

“मी.”

सरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी ओळखलं की नाही, कोण जाणे. बोट मात्र हिरव्या तुकड्यावर येऊन थांबलं होतं, भाजलेल्या कडेवर, आणि तिथंच टोकरत होतं.

तनुजानं चपला काढल्या आणि ती आत आली. “चहा मी टाकते,” ती म्हणाली. “तुम्ही बसा त्याच्याजवळ.”

अजून ‘तुम्ही’च होतं. पण साखरेचा डबा कुठेय ते तिला विचारावं लागलं नाही.

चहाला उकळी यायच्या आत दिवाणावरून आवाज आला.

“जिनतबाई, एक बाई आहे.”

“हो सर,” जिनत म्हणाली, स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबलेला तिनं ऐकला, आणि पुढे बोलली, “पण हा चित्रपट झालाय.”